गिरणी फीडर बंद आहे

मंगळवार, ५ मार्च

ताई,

फोनवर मी तुला बोलू देत नाही, असं तू आईला सांगितलंस. 'काही सांगायचं असेल तर तिला लिहून पाठवू दे, म्हणजे मला हवं तिथे तिला थांबवता येईल,' हेही सांगितलंस. आईने ते शब्दाला शब्द माझ्यापर्यंत पोचवलं, वर थोडं स्वतःचं घालून. तर हे पत्र. कंटाळा आला तर इथेच थांबव, मी काही धावत येऊन पुढचं वाचून दाखवणार नाही.

आई बरी आहे. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांना नावं ठेवते. तिचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा तुला न विचारता मी तिला इकडे घेऊन आले, याचा तुझा राग आहे. तो आज सोड असं मी म्हणत नाही. त्यावर मी लिहायला लागले की भांडण होईल, म्हणून आज फक्त नोकरीबद्दल लिहायचं ठरवलंय.

आमची कंपनी आणि भाऊजींची कंपनी एक झाली, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. वीज आमच्या कंट्रोल रूममधून सुटते, तारा तुमच्याकडची माणसं सांभाळतात, आणि आता मालक एकच. पण कामाचं बोलायला आमचं चॅट वेगळं, लाइनमन लोकांचं वेगळं. आमचे म्हणतात आम्ही आमचं सोडणार नाही, तुमचेही तेच म्हणतात. मग दोन्ही चॅट तशीच ठेवून मधे पूल बांधायचा असं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या ऑपरेटरने इकडे लिहिलं की ते तिकडे उमटतं, तिकडच्यांनी लिहिलेलं इकडे. तुमच्या चॅटमध्ये आमचे सगळे मेसेज 'पूल' या एकाच नावाने दिसतात. तुमची माणसं सरळ 'पूलभाऊ, अजून किती वेळ?' असं विचारतात. हसू नकोस, मला जाम आवडतं.

सुरुवातीला एक घोळ होता. आमच्या हेड ऑपरेटरना सगळे काका म्हणतात. काकांना चॅटमध्ये पसारा खपत नाही. काही चुकीचं लिहिलं गेलं तर खाली नवं लिहायचं नाही, तोच मेसेज उघडून नीट करायचा, अशी त्यांची शिस्त. तुमच्या चॅटमध्ये एकदा लिहिलेलं बदलताच येत नाही. त्यामुळे इकडे कुणी नुसता स्वल्पविराम हलवला तरी तिकडे अख्खा मेसेज पुन्हा जायचा. भाऊजींनीच फोरमन म्हणून तक्रार केली, एकच गोष्ट चार-चार वेळा येते, खांबावर चढलेल्या माणसाने खिशातून फोन किती वेळा काढायचा? मी त्याच दुपारी ते बंद करून टाकलं. आता मेसेज एकदा गेला की गेला. भाऊजींनी पूलभाऊचे मनापासून आभार मानले. पूलभाऊ म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नाही. सांगावंसं वाटलं तर तू सांग. तुझ्या घरच्या माणसाचं माझ्या हातून काहीतरी चांगलं झालं, याचा मला दिवसभर आनंद होता.

तुझी,
छोटी


गुरुवार, १४ मार्च

ताई,

पत्र मिळाल्याचं आईकडून कळलं. तू 'बरं' म्हणालीस म्हणे. तुझ्या 'बरं'चे किती अर्थ होतात हे मी लहानपणापासून बघत आले आहे, तेव्हा यातला कुठला ते विचारत बसत नाही.

एक सहज विचारायचं होतं. भाऊजी खांबावर चढण्याआधी आमच्या कंट्रोल रूमला फोन करतात का? म्हणजे लाइन बंद केल्याचा मेसेज आला, की पुन्हा फोन लावून खात्री करून घेतात, की मेसेजवरच काम सुरू करतात? नियमात फोन आहे, ते मला माहीत आहे. मी नियमाबद्दल विचारत नाही, खरोखर काय होतं ते विचारतेय. गप्पांमध्ये काढून बघ. मी विचारलं असं सांगू नकोस.

असंच, कामासाठी हवं होतं. आमच्याकडे माहिती गोळा करणं चालू आहे.

आई म्हणते मी हल्ली जेवताना ताटात बघत नाही. तिचं काय ऐकतेस. भिंतीवर डाग दिसला तरी तिला घर पडेल असं वाटतं. मी ठीक आहे. काम वाढलंय इतकंच.

तू घरी असताना फोन जवळ ठेवत जा. आणि माझा नंबर बंद करून ठेवला असशील तर एवढ्यापुरता चालू कर ना. मी उगाच फोन करणार नाही, शपथ घेते.

छोटी


मंगळवार, १९ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. कुठलीही माहिती गोळा करणं चालू नाही. मला भीती वाटतेय. ती लपवायला गेले आणि हस्ताक्षरसुद्धा बिघडलं, तुझ्या लक्षात आलंच असेल.

झालं असं. मागच्या आठवड्यात मी काकांच्या मागे उभी होते. फांद्या छाटण्याची एक साधी सूचना ते लिहीत होते. त्यांनी लिहिलं, उद्या सकाळी गिरणी फीडर बंद राहील. मग जीभ चावली आणि 'गिरणी' काढून तिथे 'शाळा' केलं. गिरणीचा फीडर म्हणजे गिरणीकडे जाणारी लाइन वेगळी, शाळेकडची वेगळी, हे तुला मी काय सांगणार. दुरुस्ती झाली, काका पुढच्या कामाला लागले. माझ्या हातात तुमच्याकडच्या चॅटचा फोन होता, तपासणीसाठी मी तो वापरते. त्यात 'गिरणी'च दिसत होतं. मी वाट बघितली. गिरणीच राहिलं.

भाऊजींची तक्रार मिटवायला मी दुरुस्त्या पलीकडे जाणं बंद केलं होतं ना? स्वल्पविरामाबरोबर हेही बंद झालं. काकांची माणसं लिहिलेलं बदलतात, तुमची माणसं लिहिलेलं खरं धरतात, आणि मधे मी बसून पहिलंच वाक्य तेवढं पुढे ढकलते. त्या दिवशी फांद्यांचा विषय होता, म्हणून कुणाला काही झालं नाही. त्यानंतर मी जुने मेसेज दोन्हीकडचे शेजारी शेजारी ठेवून बघितले. ताई, असे किती निघाले ते मी तुला सांगत नाही.

साहेबांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, लाइनवर काम करायची परवानगी फोनवरच घ्यायची असते, पूल फक्त माहितीसाठी आहे, तसं आपण लिहून दिलंय. आणि महिनाअखेरपर्यंत मोठी तपासणी आहे, तोवर कुठल्याही यंत्रणेत बदल करायचा नाही. बदलाच्या चाव्या त्यांच्याकडे आहेत. मी पूल बंद करू शकते, दुरुस्त करू शकत नाही. बंद करायला गेले होते गं, पण हात पुढे होईना. बंद केला तर तुमच्या लोकांना काहीच कळणार नाही, तेही भयंकर. आणि नोकरी गेली तर आईच्या औषधपाण्याचं काय, असं मी मनाशी म्हटलं. आईला पुढे करून मी स्वतःच्या भीतीला जागा दिली, हे मला कळतंय.

तुमच्या चॅटमध्ये एक सूचना टाकली, 'पुलावरचा मेसेज वाचून कंट्रोल रूमला फोन करा, मगच काम सुरू करा.' सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग राहवेना म्हणून सरळ भाऊजींना फोन केला आणि पूलभाऊ कोण तेही सांगितलं. ते इतके हसले की माझंच बोलणं तुटलं. म्हणाले, "मेहुणीबाई, कंट्रोल रूमवाले फोन उचलतात कधी? आम्ही मेसेजवरच निघतो. पण तारेत वीज आहे का ते रॉड लावून बघितल्याशिवाय मी हात लावत नाही. दिवा पेटला तर खाली उतरायचं. नाही पेटला तर तार जमिनीला जोडणारी साखळी टाकायची, मग हात." आणि ताईला सांगू नका म्हणाले, उगाच घाबरेल.

मी तुला सांगतेय. घाबर. मला सोबत हवी आहे.

आईच्या फोनवरून तुझ्याशी बोलू शकले असते, पण आई शेजारी बसून प्रत्येक वाक्यानंतर 'काय म्हणते?' विचारत असते. तिच्यासमोर हे कसं बोलू? म्हणून पत्र. भाऊजी माझं हसण्यावारी नेतात, तुझं नेणार नाहीत. त्यांना सांग, पुलावर विश्वास ठेवायचा नाही. तो मी बांधलाय, म्हणूनच सांगतेय.

छोटी


गुरुवार, २८ मार्च

ताई,

परवापासून तू रोज फोन करतेस. काल तर मीच ठेवायची घाई करत होते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू हसत बोलत होतीस. फोनवर मी हे बोलू शकणार नाही. म्हणून लिहितेय.

तुझ्या बाजूला सोमवारी काय झालं ते तू मला सांगितलंस. सकाळी माझं पत्र आलं, तू ते वाचलंस आणि स्कूटर काढलीस. वाऱ्याने झाडं आडवी झाली होती, तू वळसे घालत गिरणीच्या मागच्या खांबापाशी पोचलीस. भाऊजी वर चढलेले होते. आता माझ्या बाजूचं ऐक.

वाऱ्याने आमच्याकडे हलकल्लोळ माजला होता. सगळे फोन एकदम वाजत होते आणि एकही उचलायला कुणाला फुरसत नव्हती. काकांनी शाळेचा फीडर बंद केला आणि चॅटमध्ये लिहिलं, 'गिरणी फीडर बंद आहे, काम सुरू करा.' चष्मा पुसला, वाचलं, 'गिरणी'चं 'शाळा' केलं. मी मागेच होते.

आणि मग मी पहिली गोष्ट काय केली, तर पूल बंद केला. इतका मूर्खपणा जन्मात केला नसेल. चुकीचा मेसेज कधीच पलीकडे पोचला होता. मी फक्त तिकडून काही यायची वाट बंद करून टाकली. भाऊजींना फोन लावला, उचलला नाही. तुला लावला, वाजलाच नाही. मग काकांना सांगितलं. मी काय सांगतेय ते त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं. त्यांनी कुणालाही न विचारता गिरणीचा फीडरही बंद केला. "आता दोन्ही बंद आहेत," म्हणाले, "लाव त्यांना फोन." त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. मी पूल पुन्हा सुरू करायला घेतला तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

तेवढ्यात साहेब आले. गिरणीवाल्यांनी आणि पाण्याच्या पंपवाल्यांनी फोन करून त्यांना भंडावून सोडलं होतं. गिरणी कुणी बंद केली, त्या लाइनवर काम कुणाचं चालू आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माणसं वर आहेत. म्हणाले, कुठे लिहिलंय? काका म्हणाले, मीच चुकून गिरणी लिहिलं होतं. साहेब म्हणाले, दाखवा. चॅटमध्ये शाळा होतं, स्वच्छ, एका ओळीत. काकांच्या शिस्तीने काकांचीच चूक पुसून टाकली होती. तिकडून 'चढतोय' म्हणून मेसेज आला असेल तर तो बंद पुलापाशी अडला होता. आमच्या बाजूने बघशील तर गिरणीच्या लाइनवर कुणीच नव्हतं. साहेब चुकीचं बोलत नव्हते. ते म्हणाले, चालू करा.

आणि तुझा फोन आला.

आत गोंगाट होता म्हणून मी बाहेरच्या जिन्यापाशी आले आणि मागे दार लोटलं. ते दार जाड आहे, आतलं काही ऐकू येत नाही. तू म्हणालीस, "छोटे, तो वर आहे. रॉड आणि साखळी दुसऱ्या गाडीतून गेली. मेसेज आलाय म्हणतो, थांबायला तयार नाही. तू सांग मला. लाइन बंद आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

तू फोन तोंडापासून लांब धरून वर ओरडलीस, बंद आहे, छोटी म्हणतेय. भाऊजींचा आवाज आला, काय म्हणाले ते कळलं नाही. मग नुसता वारा.

ताई, मला माहीत नव्हतं. तू विचारलंस तेव्हा गिरणीची लाइन बंद आहे की नाही, मला माहीत नव्हतं. साहेबांनी 'चालू करा' म्हटलेलं मी ऐकलं होतं आणि पुढचं न बघता बाहेर आले होते. काका साहेबांचा शब्द मोडत नाहीत. आजवर कधी मोडलेला नव्हता. दाराचं हँडल माझ्या हाताशी होतं. दार ढकलायचं, बघायचं आणि मग तुला सांगायचं, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. 'हो' म्हटलं, आणि तुझ्या त्या ओरडण्यावर भाऊजींनी तारेला हात घातला.

का म्हटलं याचा विचार गेले तीन दिवस करतेय. कारण एकच सापडतं. कित्येक महिन्यांनी तू मला काहीतरी विचारलंस. तेही भाऊजींना बाजूला ठेवून, माझ्यावर भरवसा ठेवून. मला तुला 'थांब, बघून सांगते' म्हणता आलं नाही. तुला हवं ते उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं. भाऊजींची तक्रार आली तेव्हाही मी अशीच लगेच हो म्हणून मोकळी झाले होते, तुझ्या घराला खूश करायला.

मग मी दार ढकललं. एवढ्याशा वेळात तुझ्या घराचं काय काय मी डोळ्यांसमोर बघितलं, ते लिहीत नाही. आत काका पॅनेलला पाठ लावून उभे होते, हात मागे. साहेब त्यांच्याशी तावातावाने बोलत होते. काका मला बघून म्हणाले, "माणूस खाली आल्याचं माझ्या कानाने ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. साहेबांना हवं तर मला काढून टाकू दे." लाइन बंद होती. मी म्हटल्याप्रमाणेच होती. पण ती काकांनी बंद ठेवली, मी नाही. मी फोन तसाच कानाला धरून भाऊजी उतरेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिले, आणि तुला वाटलं मी धीर देतेय.

आता सगळीकडे माझं कौतुक चाललंय. साहेबांनी चाव्या दिल्या, दुरुस्ती आता तिकडे लाल अक्षरात वेगळी जाते. काकांना ताकीद मिळाली, मला शाबासकी. तू आईला सांगितलंस, छोटीने त्याला वाचवलं. आई शेजाऱ्यांच्या कुंड्या सोडून तेच सांगत सुटली आहे. रविवारी तू येतेस म्हणून तिने पलंगाची चादरसुद्धा ठरवून ठेवली आहे. आणि मला तुझ्या स्कूटरच्या आवाजाची धास्ती वाटतेय. इतके दिवस वाट बघितली, आणि आता तू दारात उभी राहून मला जवळ घेशील याचीच भीती वाटते.

हे वाचून यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर आईला मी काहीतरी सांगेन.

भाऊजींना मात्र हे पत्र नक्की वाचायला दे. आणि त्यांना सांग, पुन्हा कधी मी 'लाइन बंद आहे' म्हटलं तर लगेच तारेला हात लावायचा नाही. आधी मला विचारायचं, तू बघितलंस का?

छोटी